मुकं नाही, नरम

ये गं, दारात अशी पाहुणीसारखी काय उभी राहतेस? ये, माझ्याजवळ बस. तो फोन टेबलावर पालथा ठेव, पळून जात नाही. हॅरो ते वॉटफर्ड म्हणजे काय सातासमुद्रापलीकडचा प्रवास आहे का? मेट्रोपॉलिटन लाइनमध्ये बसलं की डुलकी लागायच्या आत उतरायची वेळ येते. पण नाही, आमची नात उगवणार कधी, तर आईनं रिकामे डबे आणायला पाठवलं तर. बरं, आलीस ती आलीस, वर कोट न काढताच विचारतेस, "आजी, फोटोमधला हा बंदूकवाला आजोबा कोण?" कोट काढ आधी. हा काही उभ्या उभ्या सांगायचा माणूस नाही.

ते माझे नॉटिंगहॅमचे घरमालक. तुझे आजोबा गेल्यावर मोठं घर मला खायला उठलं, तेव्हा मी यांच्या घराचा मागचा भाग भाड्यानं घेतला, आणि तुझ्या बाबानं हट्ट करून इकडे आणेपर्यंत तिथंच राहिले. मूळचे नागपूरचे. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे म्हणून मीही भाऊ म्हणायला लागले, आणि ते मला ताई.

या माणसाचं वैर एकाशीच. आवाजाशी.

पहिल्या दिवशी मी सामान घेऊन आत गेले तर मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. दार लागलं, आवाज नाही. खुर्ची ओढली, आवाज नाही. खाली वाकून बघते तर खुर्चीच्या पायांना टेनिसचे जुने चेंडू चिरून बसवलेले! चमच्यांच्या खणात फ्लॅनेलचं कापड. रविवारी सकाळी वंदना आटोपली की शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन घरभर फिरायचे, प्रत्येक बिजागरीला एक थेंब. केटल घेताना म्हणे दुकानात उकळवून, ऐकून घेतली होती. दुकानदारानं यांना बाहेर कसं नाही काढलं देव जाणे.

आणि अशा घरात आले कोण, तर मी! माझा आवाज तुला माहीत आहे. होजिअरीच्या फॅक्टरीत यंत्रांच्या वर बोलून बोलून असा झाला तो. हळू बोलायला गेले की मलाच वाटतं, आपल्याला ताप आलाय.

मी वरण करायला कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि भाऊ धावत जिन्यावरून खाली.

"काय झालं ताई?"

"डाळ होतेय," म्हटलं.

"अजून वाजणार आहे का हे?"

"तीन झाल्याशिवाय शिजत नाही."

बिचारे बाहेर बागेत जाऊन उभे राहिले, थंडीत, नुसत्या चपलांवर. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी विजेवरचा, शिट्टी नसलेला नवा कुकर. वर म्हणतात, "भेट आहे ताई. तुम्हाला नाही, मला."

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात तर यांची गंमतच. हॉलमध्ये या कोपऱ्यात स्पीकर, त्या कोपऱ्यात स्पीकर. भाऊ भिंतीला धरून हळूच सरकत जायचे आणि बटण थोडं खाली करायचे. पोरं परत वर करायची. हे परत खाली. शेवटी पोरांनी बटणांपाशी एक धिप्पाड मुलगा बसवला. भाऊ त्याला म्हणाले, "बाळा, विचारात दम असला तर हळू बोललं तरी पोचते. दम नसला तर कितीही बोंबला." तो मुलगा हसला आणि त्यानंच बटण खाली केलं.

मला वाटायचं, विक्षिप्तपणा आहे झालं. पण एकदा बागेत वाटाणे सोलताना ते बोलून गेले. त्यांचे वडील नागपूरला कापड गिरणीत, मागाच्या खात्यात. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून चाळिशीतच कान गेले. घरात सगळे ओरडून बोलायचे. "आई भांडायची ना ताई, तेही खुणांनी. आणि बाबा तिच्याकडं पाहून हसत राहायचे, त्यांना वाटायचं ती गंमत करून राहिली." एवढं सांगितलं आणि परत वाटाणे सोलायला लागले. व्हॅक्यूम क्लीनर फिरवतानासुद्धा हा माणूस कानाला आवाज अडवणारे मोठे मफ का लावतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आता बंदुकीकडे येते. घाई करू नकोस.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात नाव घातलं. एका शेताच्या कडेला लांबट जागा, शेवटी मातीचा उंच बांध, बांधापुढे कागदाची टार्गेट. बंदूक अगदी बारक्या गोळीची, पॉइंट टू टू म्हणतात. मी म्हटलं, "भाऊ, रविवारी पंचशील म्हणता आणि शनिवारी बंदूक? शोभतं का?"

"कागदाला जीव नसते ताई. आणि मन एका जागी बसल्याशिवाय गोळी त्या काळ्या ठिपक्यात जात नाही. तुम्ही विहारात डोळे मिटून बसता, मी शेतात उघडे ठेवून बसतो."

"मी विहारात डोळे मिटून झोपते," मी म्हटलं. ते खरंच होतं.

आता आवाजाचा शत्रू बंदूक घेऊन काय करणार? तो बंदुकीचाच आवाज कमी करायच्या मागे लागणार. नळीच्या टोकाला एक लांबट डबी आट्यांवर फिरवून बसवतात. सिनेमातले लोक तिला सायलेन्सर म्हणतात, इथं मॉडरेटर म्हणतात. कोणी सायलेन्सर म्हटलं की भाऊ चिडायचे. "मुकं नाही करत ताई, नरम करते. मुकं करते असं सांगणारा खोटारडा." या सगळ्याला पोलिसांचा परवाना, भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट, किल्ली कुठं असते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

क्लबातले सगळे मॉडरेटर निवडायचं आणि साफ करायचं काम भाऊंकडे. ते चालायचं बागेतल्या शेडमध्ये, कारण त्या गोळ्या मऊ शिशाच्या. शिशाची धूळ स्वयंपाकघरात नको, माझ्या पिठामिठात तर मुळीच नको. मी दारात खुर्ची टाकून विणत बसायचे आणि ते हातमोजे चढवून बोलत बसायचे. हो, बोलत! या विषयावर हा माणूस माझ्यापेक्षा जास्त बोलायचा.

"न उघडणारा मॉडरेटर घेऊ नये ताई. दिसते हलकं, सुबक, पण या बारक्या गोळ्या लई घाण करतात. शिसं, मेण, काजळी, सारं आत साचत जाते. आत काय साचलं तेच दिसत नसेल तर साफ काय करणार?" मग ते आपला मॉडरेटर उघडायचे. आत वाट्यांसारख्या छोट्या चकत्या, एकामागे एक, मधोमध भोक. प्रत्येकीवर त्यांनी बारीक खूण केलेली, म्हणजे परत लावताना क्रम चुकणार नाही. काजळी ओल्या ब्रशनं काढायची, कोरडी खरवडायची नाही, धूळ उडते म्हणून. ॲल्युमिनियमच्या चकत्यांना कडक सोडा लावायचा नाही. ते मला लगेच पटलं, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा लावला की कसं काळं पडतं! शेवटी आट्यांना नखभर ग्रीस, आणि सगळं सरळ बसलंय ना, भोकं एका रेषेत आहेत ना, ते उजेडाकडे धरून बघायचं. आणि तेही नळीपासून वेगळं करूनच, बरं का.

शूटिंग संपलं की मॉडरेटर नळीवरून काढलाच पाहिजे, हा तर त्यांचा धर्म. लावून ठेवला की आतली ओल नळीच्या तोंडाला उतरते आणि गंज धरतो. क्लबातल्या एका गोऱ्या गृहस्थानं आळस केला होता. भाऊंनी त्याच्या नळीचं तोंड त्यालाच भिंगातून दाखवलं. तो म्हणाला, "मला काही दिसत नाही." भाऊ म्हणाले, "मग आधी चष्मा घे, नंतर बंदूक."

क्लबात यांच्या कानावर सगळ्यांचा आंधळा विश्वास. हॉस्पिटलात म्हणे पंपाला नुसता कान लावून आतला कुठला भाग बिघडलाय ते सांगायचे.

तर असं सगळं छान चाललेलं, आणि त्या शेतापलीकडे नवी घरं झाली. हिवाळ्यात तिथल्या लोकांची तक्रार आली, दर शनिवारी फटफट ऐकू येते, लहान मुलं दचकतात, कुत्री भुंकतात. शेत ज्या बाईंचं, त्या मोठ्या सरळ. क्लबाच्या सेक्रेटरीला म्हणाल्या, "महिनाअखेरच्या शनिवारी मी स्वतः त्या घरांच्या मागच्या बागेत उभी राहून ऐकते. ऐकू आलं तर जागेचा करार पुढे नाही. मला शेजाऱ्यांशी भांडण नको."

क्लब गेला असता गं. म्हाताऱ्या माणसांचा क्लब तो, दुसरी जागा कोण देणार? भाऊंचा तर सगळा आठवडा त्या शनिवारवर टांगलेला असायचा. सेक्रेटरी घरी आला, चहाचा कप हातात धरून नुसता बसला. भाऊ म्हणाले, "काळजी करू नका. आवाज माझ्याकडं सोपवा."

मग काय, शेडमध्ये लढाई सुरू. सगळे मॉडरेटर उघडले, घासले, पत्रं तोलायच्या काट्यावर वजन केलं. साचलेलं शिसं वजनात दिसतं म्हणे. एक जुना, बंद डबीचा होता, तो फारच जड भरला. तो बाद केला. नवा उघडणारा आणला. आणि मग त्या घरांपाशी उभं राहून ऐकायला माणूस हवा, तर मला म्हणाले, "ताई, तुम्ही चला. फक्त एक करा, बोलू नका."

मी कुंपणाच्या पायवाटेवर उभी. आवाज आला की लाल मफलर वर करायचा असं ठरलेलं. तिकडून सेक्रेटरी टार्गेट बघायची दुर्बीण माझ्याकडे लावून बसलेला. पहिली गोळी सुटली, आणि काय सांगू, फट्! ओला टॉवेल झटकल्यासारखं. मफलर वर. दुसरी, मफलर वर. माझा हात भरून आला, पण मफलर काही खाली राहिना.

भाऊ चालत आले. "ताई, हात काहून हलवून राहिल्या? थंडी वाजते का?"

"अहो, आवाज येतोय म्हणून!"

"शक्यच नाही. थांबा, मी ऐकतो." ते माझ्या शेजारी कुंपणाला टेकून उभे राहिले आणि सेक्रेटरीला खूण केली. फट्! मी दचकले. भाऊ शांत. माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं? नुसतं टप्प. पुस्तक गालिच्यावर पडल्यासारखं."

एकाच कुंपणाला टेकलेली दोन माणसं गं, एकाला चाबूक ऐकू येतो आणि एकाला पुस्तक.  भाऊ म्हणाले, "तुमच्या कानात वारा जाते ताई," आणि घरी येऊन तो नवा मॉडरेटर परत उघडून बसले.

पुढच्या आठवड्यात घरात वेगळंच सुरू झालं. जिन्यावरच्या स्मोक अलार्मची बॅटरी उतरली. तो मेला दर थोड्या वेळानं 'टुक' करायचा. मी बदलणार नव्हते, म्हटलं बघू तरी, भाऊ आता कसे उसळतात. केटल ऐकून घेणारा माणूस! सकाळ गेली, दुपार गेली. भाऊ त्या अलार्मखालून दहा वेळा वर-खाली गेले, बिजागरीला तेल घातलं, पेपर वाचला. अलार्म आपला टुक, टुक. आणि मग माझ्या ध्यानात आलं. बारीक, तीक्ष्ण आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. खालचा, जाड आवाज पोचत होता, म्हणून त्यांना कळत नव्हतं आणि आम्हालाही नाही.

सांगायचं कोणी? सेक्रेटरीला फोन केला, तर तो म्हणाला, "मी नाही बाई. त्यांच्या वडिलांचं मला माहीत आहे." मला मेलीलाही ते माहीत होतंच ना. पण शनिवार तोंडावर आलेला. न सांगितलं तर त्यांच्याच कानामुळे त्यांचा क्लब जाणार, आणि ते सगळ्यांसमोर कळणार.

मी त्यांना जिन्यापाशी बोलावलं. म्हटलं, "भाऊ, वर बघा. तो लाल दिवा लुकलुकला की त्याच वेळी हे वाजतं. बघत राहा." दिवा लुकलुकला. टुक. परत लुकलुकला. टुक.

ते मान वर करून दिव्याकडे बघत होते.

"आत्ता वाजलं?"

"हो."

"किती दिवसांपासून?"

"परवापासून."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. मी पण बसले. मला वाटलं आता चिडतील, नाहीतर डोळे पुसतील. तर म्हणाले, "ताई, गोळीचे आवाज दोन असतात. एक नळीच्या तोंडाचा, तो जाड. तो मॉडरेटर खाते. दुसरा गोळीचा स्वतःचा. ती आवाजापेक्षा जोरात पळाली तर हवेत चाबूक वाजते, तीक्ष्ण. त्याला मॉडरेटर काय करणार?" मग कपाळावर हात मारला. "या हिवाळ्यात दुकानात नेहमीच्या गोळ्या नव्हत्या. दुसऱ्या आणल्या. डब्यावर लिहून होतं, आवाजाच्या किंचित खाली. पण किंचितच. लांब नळीतून तीच गोळी जरा जोरात निघते, आणि थंडीत तर आवाजच हळू पळते. म्हणून कानानं तपासा लागते. मी तपासल्या." आपल्या कानाला बोट लावलं. "या कानानं."

"आणि क्लबातल्या बाकीच्यांना कसं नाही कळलं?"

"नियम आहे ना! रेंजवर सगळ्यांच्या कानाला मफ. उघड्या कानाचा तिथं कोणीच नसते."

आणि दोघांनाही इतकं हसू आलं, की तो अलार्मसुद्धा मला ऐकू येईना. आवाज कमी करायला निघालेली अख्खी मंडळी, आणि सगळ्यांनी कान बांधलेले!

पण शनिवारी ते जे बोलले, ते मी विसरणार नाही. सगळे सभासद जमलेले, शेतमालकीण बाई घरांकडे जायला निघालेल्या. भाऊंनी त्यांना थांबवलं आणि इंग्रजीत, सगळ्यांसमोर सांगितलं, "या हिवाळ्यातला आवाज माझ्यामुळे होता. गोळ्या मी कानानं निवडल्या आणि माझा कान गेलेला आहे. मला कळलं नव्हतं. आज गोळ्या बदलल्या आहेत, खऱ्या हळू गोळ्या. आणि आज त्या माझ्या कानानं तपासलेल्या नाहीत, या ताईंच्या कानानं तपासल्या आहेत." एवढं बोलून खाली बघितलं नाही हं, सरळ उभे राहिले. मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "आमच्यातल्या निम्म्यांचे कान गेलेत, पण कबूल कोण करतो!" आणि सगळे हसले.

मी आणि शेतमालकीण बाई त्या नव्या घरांपैकी एका घराच्या मागच्या बागेत उभ्या. तक्रार करणारी तरुण आई कडेवर बाळ घेऊन शेजारी. तिनं आम्हाला चहा दिला. आम्ही उभ्या, चहा पितोय, थंडीनं पाय आखडलेत. मधेच कुठं टप, टप असं काहीतरी. बाळ झोपून गेलं. शेवटी मालकीण बाईंनी सेक्रेटरीला फोन लावला आणि जरा रागानंच विचारलं, "अहो, सुरू तरी कधी करणार तुम्ही?"

तिकडून उत्तर आलं, "झालं की बाई. आवरून ठेवतोय."

करार राहिला. क्लब राहिला. आता तिथं नियमच केलाय, गोळ्यांची नवी पेटी आली की आधी एकानं मफ न लावता त्या घरांपाशी जाऊन उभं राहायचं. ती बाळाची आईच कधी कधी खिडकीतून अंगठा वर करते म्हणे.

भाऊंना श्रवणयंत्रं मिळाली. पहिल्या दिवशी घरी आले ते फ्रिजसमोर उभे. "ताई, हे कधीपासून बोंबलून राहिलं?" "मी आल्यापासून," म्हटलं. नळ उघडला, बंद केला, उघडला. पिशवी चुरगळली. मला वाटलं, आता हा माणूस वेडाच होणार, सगळं जग गोंगाट करतंय त्याच्या कानात. मग बागेचं दार उघडून बाहेर गेले आणि तिथूनच हाक मारली, "ताई! लवकर या! हे पाखरू कुठून आलं?"

कुंपणावर तो लाल छातीचा रॉबिन बसून गात होता.

मी म्हटलं, "भाऊ, ते कुठं गेलंच नव्हतं."

या रविवारी ते इकडे येतायत, लांबच्या बसनं, दोन दिवसांसाठी. तू विचारलंस ना कोण ते, मग येऊन बघच. आईला सांग डबे नंतर, मी आधी. आणि आलीस की त्यांच्याशी ओरडून बोलू नकोस, त्यांना वाईट वाटतं. पुटपुटूही नकोस. समोर बैस, तोंडाकडे बघून बोल, आणि ते बोलतील तेव्हा मधे तोडू नकोस, माझ्यासारखं. येशील ना गं? लवकर ये, जेवायच्या आधी ये.